'रफिंग इट' प्रोजेक्टला घेतलंय, खरं कुठलं अन् थाप कुठली ते कसं ओळखायचं?

गोदाकाठ_वाचक (नांदेड)
एम.ए. इंग्लिशला आहे, प्रोजेक्टला मार्क ट्वेनचं 'रफिंग इट' हे प्रवासवर्णन घेतलं. सुरुवात लई मजेत गेली, भाऊ ओरायन नेवाडा टेरिटरीचा सेक्रेटरी झाला म्हणून १८६१ च्या जुलैमधी दोघं सेंट जोसेफहून घोडागाडीनं निघतेत, माणशी फक्त २५ पौंड सामान अलाउड अन् त्यात सहा पौंडांची डिक्शनरी घेतलेली 😀 पण पुढं गोंधळ व्हायलाय. सहप्रवासी बेमिसच्या मागं बायसन झाडावर चढतो ही तर उघड थाप, पण लगेच पुढच्या प्रकरणात पोनी एक्सप्रेस आठ दिवसात १९०० मैल टपाल नेते, तेबी थापच का? गाईड म्हणतेत कथानक दाखव, मला तर कथानकच सापडंना. कोणी अभ्यास केलाय का?

लातूरचा_मास्तर
पोनी एक्सप्रेस शंभर टक्के खरी. मिझुरी ते कॅलिफोर्निया, वाटेत घोडे अन् स्वार बदलत जायचे. १८६० च्या एप्रिलला सुरू झाली आणि १८६१ च्या ऑक्टोबरला तारेची लाईन जोडली गेली तशी बंद पडली, म्हणजे ट्वेनला ती अगदी शेवटी शेवटी दिसली. आता गंमत बघ, खरं अन् खोटं दोन्ही तो एकाच गंभीर चेहऱ्यानं सांगतो, पारावर बसलेला पक्का गप्पिष्ट सांगतो तसं. बेमिसवर लोक शंका घेतात तर तो उलट विचारतो, माझा दोर परत आला का, घोडा आला का, तो बैल तुम्हाला परत दिसला का? नाही ना, मग अजून काय पुरावा पाहिजे! प्रोजेक्टचा गाभा इथंच आहे बाळा, ही फ्रंटियरची, म्हणजे पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांची, 'टॉल टेल' (फुगवलेली थाप) सांगायची रीत आहे, तिच्यावर एक पूर्ण प्रकरण लिही. आणि एक लक्षात ठेव, प्रवास केला तेव्हा तो २५ वर्षांचा, पुस्तक आलं १८७२ ला, लिहिताना त्यानं ओरायनकडून त्याच्या प्रवासाच्या नोंदी मागवून घेतल्या होत्या. म्हणून घोडागाडीच्या भागात तपशील इतके नेमके आहेत.

परभणीची_पोरगी
दादा, कथानक आहे की, फक्त कादंबरीसारखं नाही. दर थोड्या प्रकरणांनी त्याला वाटतं आता श्रीमंत झालो अन् सगळं हातचं जातं. टाहो तळ्याकाठी लाकडासाठी जंगलाचा क्लेम (मालकीचा दावा) लावला, यांच्याच चुलीनं रान पेटलं. कार्सन सिटीत 'जेन्युइन मेक्सिकन प्लग' घोडा घेतला, त्यानं वर बसूच दिलं नाही. सगळ्यात भारी 'ब्लाइंड लीड'चा (जमिनीवरून न दिसणाऱ्या शिरेचा) भाग, ४० अन् ४१ प्रकरण, चांदीची शीर सापडली, दहा दिवसात क्लेमवर थोडं काम करायचं एवढीच अट, हा आजारी माणसाची सेवा करायला गेला, जोडीदार हिग्बी दुसऱ्याच खाणीच्या मागं, दोघांनाबी वाटलं दुसरा करील, क्लेम गेला. पुस्तक त्याच हिग्बीला अर्पण केलंय, आपण दोघं दहा दिवस करोडपती होतो त्याची आठवण म्हणून. मला ती अर्पणपत्रिका वाचून गलबलून आलं. मग तो व्हर्जिनिया सिटीच्या पेपरात लागतो, अन् १८६३ ला तिथंच 'मार्क ट्वेन' हे नाव पहिल्यांदा छापून येतं. ही साखळी दाखवली की गाईड गप्प.

बालाघाट_बीड
सगळे मजेचंच बोलायलेत म्हणून लिहितो. १९ वं प्रकरण गाळू नका. गोशूट आदिवासींबद्दल इतकं घाण लिहिलंय की वाचवत नाही, भुकेकंगाल माणसं बघून हा त्यांची भूकच टिंगलीला घेतो, त्यांची जमीन अन् शिकार कोणी हिसकली ते विचारतच नाही. आपल्याकडं पारधी वस्तीबद्दल लोक जसं बोलतेत अगदी तसंच, अन् तो हे लिहीत होता त्याच सुमाराला, १८७१ ला, इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. आता लगेच ५४ वं प्रकरण काढा, तिथं हाच माणूस चिनी मजुरांवरच्या अन्यायाबद्दल चिडून लिहितो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, व्हायवात हमखास विचारतेत.

गोदाकाठ_वाचक (नांदेड)
खूप आभार सगळ्यांचे 🙏 १९ अन् ५४ आज रात्रीच वाचतो. पुढं हवाईचा भाग आहे, तोबी घेऊ का?

लातूरचा_मास्तर
नको, तो १८६६ चा वेगळा प्रवास आहे, एका परिच्छेदात उल्लेख पुरे. ५३ वं मात्र सोडू नको, एक खाणकामगार आजोबाच्या म्हाताऱ्या मेंढ्याची गोष्ट सुरू करतो अन् मेंढ्यापर्यंत पोचतच नाही. ते मोठ्यानं वाच, लिब्रिवॉक्सवर फुकट ऑडिओ पण आहे.