चर्चा: फेरीवाल्यांसाठी वेगळं ॲप हवं, की हातातलं व्हॉट्सॲप पुरे?

आरोळी
मुंबईत फेरीवाल्यांसाठी ॲप काढायची टूम अधूनमधून निघतेच. माझं म्हणणं, नको. चाळीत खालून 'भाजीऽऽ' ऐकू आलं की टोपली खाली सोडली जायची. वीस मजली टॉवरमध्ये ती हाक वर पोचत नाही आणि फेरीवाला वॉचमनच्या खुर्चीपाशीच अडतो. मोबाइलने फक्त ती हाक वर न्यायची आहे. त्याला व्हॉट्सॲप बिझनेस भरपूर झालं.

धंद्यासाठी वेगळं सिम घ्यावं, नाहीतर रात्री अकराला 'कोथिंबीर आहे का?' सुरू होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला इमारतीच्या नावाचं लेबल. संध्याकाळी सहाला ब्रॉडकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदम, व्हॉइस नोट: उद्या काय आणणार. ऑर्डर रात्री नऊपर्यंतच, कारण वाशीच्या बाजारात भाजीची खरेदी पहाटे उरकते. सकाळी सातला आलेली ऑर्डर पुरी करायला माल कुठून आणणार? आणि रात्री भाव सांगायचा नाही. फक्त वजन लिहून घ्यायचं, खरेदी झाली की भाव कळवायचा. गेटवर पोचल्यावर लाइव्ह लोकेशन टाकायचं, १५ मिनिटांचं किंवा १ तासाचं. ८ तासांचाही पर्याय असतो, पण तो लावला तर दुपारी फोन मान टाकतो.

काटा_माप
ऐकायला झकास. पण ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर मावतात, आणि ज्याने विक्रेत्याचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याच्यापर्यंत तो मेसेज पोचतच नाही. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, पैसे देतं, निघून जातं. नंबर सेव्ह कोण करतं? म्हणजे विक्रेत्याला वाटणार आपली हाक सगळ्या टॉवरभर गेली.

दुसरं, पहाटे तीनला बाजारात त्याला साठ व्हॉइस नोटा नको असतात, बेरीज हवी असते: भेंडी सव्वाचार किलो, मेथी अकरा जुड्या, आलं पाऊण किलो. परत आल्यावर हेच इमारतवार वेगळं करून हवं. ते काम सॉफ्टवेअरचं आहे. सकाळी सात ते दहा त्याचे दोन्ही हात काट्यावर असतात, फोन चाळायला तिसरा हात कुठला?

विंग_सी
ॲपचा खर्च कोण भरणार, ते आधी बोला. धरा, १८० रुपयांची भाजी, त्यात सुटतात ३५-४०. त्यावर टक्केवारी कापली आणि पोचवणाऱ्या पोऱ्याला एका फेरीचे ४० दिले की विक्रेता फुकट राबला. घरपोच परवडतं ते एका इमारतीच्या दहा-बारा ऑर्डरी एका खेपेत गेल्या तरच. किंवा साधं: पिशव्या नावं लिहून गेटवर, माणसं खाली येऊन नेतील. पालेभाजीची ऑर्डर देऊन न नेणाऱ्याकडून मात्र पैसे घ्यावेतच. पावसाळ्यात मेथी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

पापलेट_प्रेमी
सगळे भाजीवरच बोलतायत. मासे फोनवर अर्धेच विकले जातात. सुरमई वजनावर, काप करून, ठीक. पण बोंबील, मांदेली, कोलंबी वाट्यावर जातात आणि वाटा ही डोळ्याने बघायची चीज आहे. सकाळी आठचा फोटो साडेनऊला खोटा ठरतो, कारण वरचे मोठे आधीच गेलेले असतात. मग मावशीवर 'फोटोत वेगळं होतं' म्हणून वाद. वाट्याचा फोटो टाकू नये, नुसतं 'आज काय आलंय' सांगावं. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ॲपवाल्याचं मासिक भाडं कोण देणार?

गल्ली_क्र_३
तुमच्या लाइव्ह लोकेशनवरून पालिकेची गाडीही येईल, हे कुणाच्या लक्षात आलं का? फेरीवाल्यांना विक्रीचं प्रमाणपत्र देणारा पथविक्रेता कायदा २०१४चा. त्या वर्षीच्या मुंबईच्या सर्वेक्षणात ९९,४३५ अर्ज आले, पात्र ठरले ३२,४१५. बाकीच्यांना 'जागा' म्हणून दाखवण्यासारखं काही नाही. उच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत बसायचं नाही, आणि गिऱ्हाईक तर तिथेच. उद्या माल जप्त झाला तर कालच्या चाळीस ऑर्डरींचं काय?

मोठ्या कंपन्यांच्या भरवशावरही राहू नका. २०२०मध्ये केंद्राने स्विगीबरोबर खाद्यविक्रेत्यांसाठी प्रयोग केला तो अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली, इंदूर आणि वाराणसीत. मुंबई त्यात नव्हती. आधी प्रमाणपत्र, मग मोबाइल.

आरोळी
@गल्ली_क्र_३, पालिकेच्या गाडीवाल्यांना कोण कुठे बसतो ते ॲपशिवाय पाठ असतं. उलट जागा हलली तर गिऱ्हाइकाला कळवायचा एकमेव मार्ग फोन आहे. प्रमाणपत्राची वाट बघत बसलो तर दुसरी पिढी येईल. मात्र स्टेशनजवळच्यांनी लोकेशन टाकू नये, हे मान्य.

@काटा_माप, ब्रॉडकास्टचा मुद्दा बरोबर, मी तो सोडतो. त्याऐवजी व्हॉट्सॲप कम्युनिटीचा घोषणा ग्रुप: लिहितो फक्त ॲडमिन, सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. बेरजेसाठी सोसायटीच्या आधीच असलेल्या ग्रुपात कुणीतरी पोल टाकावा. १२ पर्याय मावतात. पर्याय 'मेथी' असा नको, 'मेथी १ जुडी' असा हवा. मग मतं म्हणजेच जुड्या.

काटा_माप
जुडीचं जमलं. दोन किलो कांदे मागणाऱ्याने दोनदा मत द्यायचं का? हलक्या वजनाच्या मालापुरता तुमचा पोल चालेल. कांदे-बटाटे ज्यांना हवे त्यांनी खाली उतरावं.

विंग_सी
पैशाचंही बघा. ऑर्डर फोनवर म्हणजे पेमेंटचा स्क्रीनशॉट आला, आणि तो बनावट निघू शकतो. बँकेचा मेसेज किंवा पैसे आल्याचं बोलणाऱ्या स्पीकरचा आवाज येईपर्यंत पिशवी सोडू नये. स्पीकरलाही सिमचं नेटवर्क लागतं, बेसमेंट पार्किंगमध्ये तो मुका. गाडीवरच्या क्यूआरवर दुसऱ्याचा क्यूआर चिकटवतात, म्हणून रोज बोहनीआधी १ रुपया टाकून नाव तपासावं.

शिवाय यूपीआयची नोंद राहते. २०२५मध्ये कर्नाटकात त्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळुरूत 'फक्त रोख'च्या पाट्या लागल्या. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, पण खरेदीच्या पावत्या ठेवल्या तरच ते सिद्ध करता येतं. वडापाववाल्याला ही सवलतही नाही.

पापलेट_प्रेमी
खरं तर ज्यांना याचा सगळ्यात फायदा ते कुणाच्या यादीतच नाहीत. धारवाला, कल्हईवाला, गादी पिंजणारा. भाजीवाला रोज येतो, धारवाला कधी येईल कुणाला ठाऊक. त्याने 'रविवारी दहा वाजता बी विंगखाली' एवढं दोन दिवस आधी कळवलं तर तीस सुऱ्या एका जागी मिळतील. ना नासणारा माल, ना पहाटेची बेरीज. फक्त वॉचमनकडे आदल्या दिवशी नाव नोंदवलेलं हवं, नाहीतर तो गेटवर आणि सुऱ्या वर.