अनुभव धागा: नव्या घराभोवतीची माती तुम्ही कशी सुधारली?

वास्तुशांत झाली, पाहुणे गेले आणि हौसेने जास्वंद लावायला कुदळ मारली तर ठण्ण! वर चार बोटं मुरूम, खाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गाळ आणि गवंड्याचं एक अख्खं घमेलं उपडं गाडलेलं. ते निघेना, म्हणून शेजारीच जास्वंद लावली. दोन गेल्या. ज्यांनी अशा जागेत बाग उभी केलीय त्यांनी लिहा. चुका आधी लिहा.

---

पुण्याकडचा मी. तुमच्यासारख्याच मुरमावर लाल मातीची ट्रॉली ओतून मोकळा झालो. पहिल्याच पावसात अंगणाचं डबकं झालं, अनंताचं झाड मुळाशी कुजलं. जेसीबी आणि वाळूच्या गाड्यांनी खालचा थर रस्त्यासारखा दाबलेला, पाणी जाणार कुठे? आता आधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरतो. एकदा जिरलं की पुन्हा भरायचं. दुसरं पाणी सकाळपर्यंत तसंच राहिलं, तर माती आणायच्या आधी पहार हातात घ्यायची.

---

सोलापूर. आमच्या मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. खतं घालून दमले. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथंच तर गवंडी माल कालवायचे!" तिथल्या खड्यांवर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. माती परीक्षणात सामू (pH) ८.६ निघाला. एवढ्या चुन्यात जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. हिराकशीच्या (फेरस सल्फेट) फवाऱ्याने पानं हिरवी झाली, पण नवी फूट परत पिवळी. शेवटी तेवढा तुकडा दीड फूट उकरून राडारोडा बाहेर काढला आणि कंपोस्ट घालून भरला, तेव्हा कुठे कळ्या धरल्या.

---

आमचं रत्नागिरीजवळ सड्यावर घर. माती बिघडायला मुळात असावी लागते, इथे नुसता कातळ. उरलेल्या चिऱ्यांचे दोन थर रचून वाफे केले. तळाला नारळाची सोडणं (वरची सालं), त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, शेण, पुन्हा पातेरा आणि वर वीतभर माती. गणपतीपर्यंत वाफा निम्मा खाली बसला. घाबरू नका, वरून भरत राहायचं. आणि सोलापूरच्या ताई, आमच्याकडे तुमच्या उलट. एवढ्या पावसात माती आंबट होते, म्हणून आम्ही चुलीतली राख मुद्दाम टाकतो. तुम्ही चुकूनही टाकू नका!

---

यवतमाळ. काळी माती आहे, तिला वाईट म्हणवत नाही. पण घराभोवती तुडवून तुडवून दगड झाली होती. कोणीतरी सांगितलं वाळू मिसळा. थोडी मिसळली, उन्हाळ्यात वीटच झाली बाप्पा! वाळलेला पाला आणि शेणखत यांनीच ती भुसभुशीत झाली, तेही दोन पावसाळ्यांनी. ओली असताना मात्र पाय ठेवायचा नाही.

---

मी नाशिकला पहिलं वर्ष काहीच लावलं नाही. मृगाच्या पावसावर हिरवळीचं खत म्हणून एका गुंठ्याला अर्धा किलो ताग फेकला. शेजारी म्हणायचे, काय रान माजवलंय! दीड महिन्याने, फुलं दिसू लागताच कापून तिथेच गाडला. पंधरा-वीस दिवसांनी उकरलं तर गांडुळं. मुरमात!

---

एक चूक माझीही. स्वस्तात मिळालं म्हणून अर्धं कच्चं शेणखत आणलं. त्यातून हुमणी आली आणि गुलाबांची मुळं खाऊन गेली. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते खत नाही, शेणच आहे.

---

धागाकर्ता: खड्डा भरून पाहिला. दुसरं पाणी सकाळी होतं तसंच. दोन दिवस पहार चालवली, सात पोती राडारोडा निघाला. घमेलंही निघालं, आणि ते अजून चांगलं शाबूत आहे. त्यातूनच शेणखत वाहतोय. ताग यंदा उशीर झाला, पुढच्या मृगाला.