पर्सी जॅक्सन वाचताना तुम्ही कुठे रडलात?

गंधाली_क
मुलगा ऑगस्टमध्ये शिकायला जर्मनीला गेला. ओळखीचे एक जण या महिन्यात तिकडे जातायत, त्यांच्याबरोबर पाठवायला म्हणून काल शंकरपाळे करायला घेतले. पहिला घाणा कढईत सोडला आणि नेमका त्याचाच कॉल आला. थंडी किती आहे, जॅकेट घेतलंस का, यात घाण्याचा पार कोळसा. झाऱ्यात ते काळे तुकडे घेऊन उभी होते आणि एकदम मे कॅस्टेलन डोळ्यांसमोर आली.

(ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी: ही रिक रायर्डनची पुस्तकमाला, यातली पर्सी, लूक वगैरे मुलं ग्रीक देवांना माणसांपासून झालेली.) मे म्हणजे लूकची आई. 'द लास्ट ऑलिम्पियन'मध्ये पर्सी आणि पाताळाच्या देवाचा, हेडिसचा मुलगा नीको तिच्या घरी जातात ते प्रकरण. लूक नऊ वर्षांचा असताना घरातून पळाला आणि ही अजून त्याच्यासाठी पीनट बटरची सँडविचं करून डब्यांत भरतेय, कुकीज भाजतेय, करपवतेय. खालच्या डब्यांना हिरवी बुरशी. दार उघडते आणि पर्सीलाच लूक समजून मिठी मारते. मुलगा एव्हाना देवांआधीच्या टायटनांचा राजा क्रोनोस याला अंगात घेऊन ऑलिंपस पाडायला निघालाय.

मी ही पुस्तकं मुलाच्या मागे मागे वाचली. तो सातवीत होता, त्याचं प्रकरण वाचून झालं की पुस्तक माझ्याकडे. ते वाचून म्हणाला होता, "आई, ती बाई जरा भीतीदायकच आहे ना?" मी पण हो म्हणाले होते.

तुमचे प्रसंग लिहा. स्पॉयलरची चिंता नको, पहिलं पुस्तक २००५चं आहे.

निळी_शाई
बॉब. बास. भाजी गॅसवर आहे, येते परत.

चहाटळ
+१ बॉब

अर्धवटराव
झोई नाइटशेड, आर्टेमिस देवीच्या शिकारिणींमधली. पण माझं रडणं जरा उशिराचं आहे.

मी मराठी माध्यमाचा. 'द टायटन्स कर्स' कॉलेजच्या पहिल्या वर्षी वाचलं, इंग्रजी सुधारायला म्हणून, शेजारी डिक्शनरी घेऊन. त्यात हूवर धरणावर झोई अगदी गंभीरपणे धरणाचं उपाहारगृह शोधू या म्हणते आणि बाकीचे हसून लोळतात. डॅम म्हणजे धरण आणि तोच उच्चार शिवीचाही, ही गंमत मला कळेचना. तीन वेळा वाचलं. झोईलाही कळत नाही, ती दोन हजार वर्षं जुनी, तिचं इंग्रजी वेगळंच. सगळ्या पुस्तकात मला तीच एकटी आपली वाटली.

मग तिला मारलं. ज्या ड्रॅगनला एकेकाळी हाताने भरवलं त्याचंच विष आणि वर सख्ख्या बापाचा, अ‍ॅटलासचा घाव. आर्टेमिस तिचं नक्षत्र करते. तेव्हा फक्त वाईट वाटलं. दोन वर्षांनी बसमध्ये बसलेलो असताना तो डॅमचा विनोद अचानक डोक्यात उजेड पडल्यासारखा कळला. एकटाच हसलो, आणि मग कंडक्टर तिकीट विचारायला आला तेव्हा डोळे पुसत होतो. त्याला काय सांगणार.

कुल्फी
@अर्धवटराव, हे वाचून हसू की रडू :(

सॅनहोजेकर
ते अ‍ॅटलासवालं माउंट टॅमल्पायस आमच्यापासून दीड-दोन तासांवर. लेकीला घेऊन गेलो होतो. वर इतकं धुकं की हात दिसेना. पुस्तकातही धुक्यातच लपलेलं असतं ते, त्यामुळे ती बेहद्द खूश. म्हणाली, बाबा, हळू बोल, तो आभाळ उचलून उभा आहे.

मीच_ती
मला वाटलं हॅरी पॉटरचा धागा आहे. यात हॉगवॉर्ट्स नाही का?

चहाटळ
नाही ताई, यात आई-वडीलच देव आहेत. म्हणून जास्त प्रॉब्लेम.

कुल्फी
माझं बियांका, नीकोची मोठी बहीण. मला धाकटा भाऊ आहे, त्याला चिप्सच्या पुड्यातले टाझो जमवायचं वेड होतं. एक टाझो त्याला कधीच मिळाला नाही. मी एकदा वर्गातल्या मुलीच्या कंपासमधून तो चोरला होता (आज पहिल्यांदा कबूल करतेय).

बियांका देवांच्या त्या भंगारातून हेडिसची एवढीशी मूर्ती उचलते, का, तर नीकोच्या खेळाच्या संचात नेमकी तीच नाहीये. तिथलं काही घ्यायचं नाही हे माहीत असून. त्यातून तो धातूचा राक्षस जागा होतो आणि ही त्याच्या आत शिरते. शिकारिणींमध्ये सामील होऊन जेमतेम काही दिवस झालेले. पहिल्यांदाच कुणाची तरी ताई नसलेलं आयुष्य मिळालेलं. आणि तिथेही खिशात भावासाठी वस्तू.

नीको दहा वर्षांचा आहे हो. दहा.

टोकदार
त्या मुलीला टाझो परत केलास का?

कुल्फी
नाही ना. ती आता बँकेत मॅनेजर आहे, धीर होत नाही.

सोलापुरी_चादर
माझी वेगळीच कथा. मी पाचवं पुस्तक फुटपाथवरून घेतलं, दीडशे रुपयांत. डुप्लिकेट प्रत होती आणि शेवटाकडचा अख्खा एक फॉर्मा गायब. सोळा पानं. म्हणजे सिंहासनांच्या दालनात मारामारी चालू, पान उलटलं की एकदम देवांची सभा. कोण मेलं, कसं मेलं, काही नाही. मी धरून चाललो की लूकला माफी मिळाली असेल, कुठेतरी शिक्षा भोगत असेल. दोन वर्षं मी त्याला जिवंत ठेवला. मग मामेभावाकडे खरी प्रत दिसली, उभ्या उभ्या वाचली. अ‍ॅनाबेथचा सुरा. ती पर्सीची मैत्रीण, आणि तो सुरा लहानपणी तिला लूकनेच दिलेला, आपण एक कुटुंब आहोत असं वचन देऊन. आणि तोच मागून घेऊन स्वतःच्या वर्मावर चालवतो.

मामी म्हणाली, काय झालं रे, जेवायला बस. म्हटलं माझा मित्र गेला.

टोकदार
लूक म्हणजे कर्णच. बापाने ओळख दिली नाही, चुकीच्या बाजूला गेला, शेवटी

चहाटळ
कर्ण आला. आता २०० प्रतिसाद नक्की.

टोकदार
अर्धवट पोस्ट झालं. शेवटी दानशूर ठरला असं म्हणायचं होतं.

आजोबा_नाशिक
कर्णाला कवचकुंडलं, लूकला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडी. दोघांच्याही अभेद्यपणाची किंमत आहे, एवढं साम्य मान्य. पण कर्णाने मित्राची बाजू शेवटपर्यंत सोडली नाही, हा सोडतो. उलट आहे.

मी नातवामुळे वाचली. मला रानाचा देव पॅन याचा मृत्यू लागला. पर्सीचा सॅटर (अर्धा बोकड) मित्र ग्रोव्हर बिचारा त्याला आयुष्यभर शोधतो, आणि सापडतो तेव्हा तो विरत चाललेला. हे लेखकाचं मनचं नाही बरं. प्लुटार्कने लिहून ठेवलंय, पॅक्सी बेटाजवळून जाणाऱ्या जहाजातल्या थॅमस नावाच्या माणसाला बेटावरून हाक आली, की पुढे जाऊन सांग, महान पॅन मेला. त्याने सांगितलं तर किनाऱ्यावरून रडण्याचा मोठा आवाज आला म्हणे. नातवाला सांगितलं तर म्हणाला, मग ग्रोव्हरला कोणी सांगितलं का नाही.

निळी_शाई
आले. भाजी लागलीच थोडी, गंधाली तुझा वाण लागला :)

तर बॉब. हा मुळात एक टायटन. पर्सीने त्याची स्मृती विस्मृतीच्या लीथी नदीत पुसली, नाव बॉब ठेवलं आणि विसरून गेला. हा हेडिसच्या महालात झाडू मारत राहिला, पर्सी माझा मित्र या एका वाक्यावर. भेटायला नीको जायचा, पर्सी नाही. तरी टार्टारसमध्ये, म्हणजे पाताळाखालच्या खोल गर्तेत, पर्सीच्या मदतीला धावतो. आणि आठवण परत आल्यावरही, फसवलं गेलं हे कळल्यावरही, पर्सीला तिथून बाहेर नेणाऱ्या लिफ्टचं बटण दाबून धरायला मागे राहतो. बारा मिनिटं. सूर्याला आणि ताऱ्यांना नमस्कार सांगा म्हणतो.

आमच्या सोसायटीत जिना पुसणारे काका होते. मला वाटायचं मी त्यांच्याशी छान वागते. हे पुस्तक वाचलं तेव्हा ते काम सोडून गेलेले होते आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. आईला विचारलं, तिलाही नव्हतं.

कुल्फी
:(

भरती_ओहोटी
हाउस ऑफ हेडिस, स्प्लिटचं प्रकरण. नीको आणि क्युपिड. २०१३. मी अकरावीत होतो. क्युपिड त्याच्याकडून पर्सीवरचं प्रेम वदवून घेतोच, तेही जेसन या दुसऱ्या मुलासमोर. पुस्तक मिटून गच्चीत गेलो. खाली आलो तेव्हा बहिणीने विचारलं, त्यात काय झालं एवढं? म्हटलं काही नाही, लढाई चालू आहे.

तिला सांगायला आणखी सहा वर्षं गेली.

निळी_शाई
@भरती_ओहोटी, जेसन गप्प राहतो ना त्यानंतर, कुणाला काही सांगत नाही, ते फार आवडलं होतं मला. सांगितलंस ते बरं केलंस.

भरती_ओहोटी
हो. जेसनसारखीच निघाली बहीण.

चहाटळ
आणि त्याच जेसनला बर्निंग मेझमध्ये पाठीत भाला. २०१८. मला अजून राग आहे. छोट्या देवांची देवळं बांधणार होता, सगळी मॉडेलं करून ठेवलेली.

मीच_ती
अहो!! मी आत्ता वरचं वाचून पहिलं मागवलं!

चहाटळ
धाग्यात वर लिहिलंय ताई. तिथपर्यंत पोचायला तेरा पुस्तकं आहेत, विसराल.

डोंबिवलीफास्ट
रडण्याचं नाही, निळ्या खाण्याचं सांगते. निळं खाणं असतच नाही असं पर्सीचा सावत्र बाप तो गेब म्हणाला म्हणून पर्सीची आई सॅली मुद्दाम सगळं निळं करते ना, तर लेकीच्या वाढदिवसाला तसंच करायचं ठरलं. गोकर्णीच्या फुलांच्या पाण्यात भात शिजवला, मस्त निळा आला. फोटो काढायच्या आत सासूबाईंनी लिंबू पिळलं. भात जांभळा. लेक रडली, तर धाग्यात बसतंय म्हणा.

आणि गेबच्या वासाने राक्षसांना पर्सीचा वास लागू नये म्हणून सॅली त्या माणसाबरोबर राहते, हे दुसऱ्यांदा वाचताना जास्त लागलं. आमच्या नात्यात एक काकू होत्या. असो.

सॅनहोजेकर
गोकर्ण इथे कुठे मिळेल? सुकवलेली चालतील का?

डोंबिवलीफास्ट
चालतात. लिंबू लपवून ठेवा.

टोकदार
@गंधाली_क, शंकरपाळ्यांचं काय झालं शेवटी?

गंधाली_क
दुसरा घाणा चांगला झाला, डबा गेला आज सकाळी. करपलेले एका छोट्या डब्यात घालून ओट्यावर ठेवलेत. टाकायला हात होत नाहीये.

आजोबा_नाशिक
टाका हो. मुंग्या लागतील.