फुलांच्या घाटीत मेंढरं पुन्हा सोडावीत का?

दादरकर
वांद्र्याहून हरिद्वार गाठून उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, म्हणजे फुलांची घाटी करून आलो. घाटीबाहेरच्या घांगरिया गावात मुक्काम केला, कारण आत राहू देत नाहीत. पुष्पावती नदीकाठची निळी-जांभळी फुलं पाहून घसा दाटला. पण मोठाल्या पट्ट्यांत एकच झाड माजलंय, पॉलिगोनम. तिथले लोक अमेला म्हणतात. माणसाएवढं वाढतं, त्याच्या सावलीत दुसरं काही तग धरत नाही. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. आमचा गाईड म्हणाला, मेंढरं यायची तेव्हा अमेला कोवळा असतानाच तुडवला जायचा. मला पटलं. मोजकी चराई पुन्हा सुरू करावी.

मुलुंडची रानवेडी
अजिबात नाही! अमेला कुठला आणि ब्ल्यू पॉपी कुठली, हे मेंढराला कसं कळणार? घाटी निम्मं वर्ष बर्फाखाली असते. उरलेल्या दिवसांतच उगवायचं, फुलायचं, बी धरायचं. त्यात कोंबच खुडले तर पुढच्या वर्षी काय उगवेल? शिवाय दरडी कोसळून उघड्या पडलेल्या उतारांवर अमेला झपाट्याने पसरतो, त्याचा मेंढरांशी काय संबंध? वनखातं माणसं लावून तो उपटतं, तेच काम वाढवावं.

दादरकर
ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ 1931 साली कामेट शिखर सर करून परतताना या घाटीत उतरला, तेव्हाही इथे चराई होतीच. तो ज्या फुलांवर भुलला, ती मेंढरांच्या सोबतीनेच वाढलेली होती.

साताऱ्याची, हल्ली बोरिवलीत
आमच्या कासच्या पठाराला जाळीचं कुंपण घातलं होतं. गुरं अडली, गवत माजलं, फुलं कमी झाली, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. शेवटी कुंपण काढलं. अर्थात कास साधारण 1200 मीटरवर, कातळावरची पातळ माती. घाटी 3000 मीटरच्या वर. इथलं उत्तर उचलून तिथे लावू नये. एक तुकडा आखून चार वर्षं चारून बघावा, शेजारचा तसाच ठेवावा. आणि आधी घाटीजवळच्या भ्यूंडार गावातल्या लोकांना विचारावं, ती त्यांची कुरणं होती.

मुलुंडची रानवेडी
भ्यूंडारकरांना विचारायलाच हवं, ते माझ्याकडून राहिलं. तुकडाही आखा, पण अमेला आधीच माजलाय तिथलाच. 1939 मध्ये फुलं गोळा करताना कड्यावरून पडून गेलेल्या ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक जोन लेगची समाधी आहे ना, त्या बाजूला एकही मेंढरू नको.