मानेतली डिस्क: माझा अनुभव
तुम्ही विचारलंय की ऑपरेशन मानेच्या मागून करतात का आणि फ्युजनपेक्षा (म्हणजे मणके जोडून टाकण्यापेक्षा) कृत्रिम डिस्क बरी का, तर माझी सी५-सी६ ची डिस्क (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी) बदललीय म्हणून लिहितो. चीर पुढून देतात, गळ्याच्या बाजूला, आडवी, कातडीच्या वळीतच, आता दाढी करताना काय ती हाताला लागते तेवढीच. हातातली कळ आणि अंगठ्याच्या मुंग्या शुद्धीवर आलो तेव्हाच गायब, पण गिळताना जाम त्रास, नुसता मऊ वरणभात, आणि आवाज असा बसला की रिक्षावाल्याला 'तीन हात नाका' सुद्धा बायकोनेच सांगायचं (अन्ननलिका, श्वासनलिका बाजूला सरकवून मणक्यापर्यंत जातात ना, म्हणून). फ्युजनमध्ये दोन मणके जोडून टाकतात, तिथली हालचाल बंद आणि शेजारच्या डिस्कवर ताण, कृत्रिम डिस्कमध्ये मात्र मान वळते. पण सरसकट सगळ्यांना चालत नाही हं, मणक्यांचे मागचे सांधे झिजलेले असतील किंवा हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टर बहुतेक फ्युजनच सांगतील. मेडिक्लेमची मंजुरी आधी लेखी घ्या, इम्प्लांटचं (त्या कृत्रिम डिस्कचं) बिल दणदणीत येतं. आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून बाईक सध्या तरी विसराच.