शब्दचर्चा: मॉड्यूल ‘सक्षम करा’ की ‘यादीत घाला’?

विचारणा

नमस्कार. सोलापुरात पूर्व भागातल्या काही टॉवेल आणि चादर कारखान्यांनी मिळून निरोपांसाठी स्वतःचा सर्व्हर ठेवला आहे. प्रॉसडी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, एक्सएमपीपी या खुल्या पद्धतीवर चालतं. ऑर्डरी, डिझाइनचे फोटो, रंगाई झाली की नाही, सगळं त्यावरच. या सर्व्हरची बहुतेक कामं मॉड्यूलं, म्हणजे त्यात बसणारे छोटे छोटे प्रोग्रॅम, करतात. कुठलं मॉड्यूल हवं आणि कसं हवं, ते एका फाईलीत लिहावं लागतं. त्याचं मराठी टिपण मी लिहिते आहे. वाचणारी मंडळी कारखान्यांच्या ऑफिसातली. घरी कुणाकडे तेलुगू, कुणाकडे कन्नड, कुणाकडे उर्दू, पण कामाचं लिहिणं-वाचणं मराठीत.

अडतंय ते एनेबल, लोड, रीलोड, कॉन्फिगर आणि कम्पोनंट या शब्दांपाशी. संगणकावरच्या मराठीत ‘सक्षम करा’, ‘विन्यास’, ‘घटक’ असे शब्द दिसतात. तेच घ्यावेत का?

उत्तर – सर्व्हर सांभाळणारा

ताई, नामं इंग्रजी राहिली तर काही बिघडत नाही. मॉड्यूलला मॉड्यूल म्हणा, सर्व्हरला सर्व्हर. घोटाळा होतो तो क्रियापदांत, आणि तिथे मराठीकडे फार चांगले शब्द आहेत.

‘सक्षम करा’ला माझा स्पष्ट विरोध आहे. सक्षम म्हणजे समर्थ. बचतगट सक्षम होतात, मॉड्यूल होत नाही. पण त्याहून मोठी अडचण अशी की ‘सक्षम केलं’ किंवा ‘चालू केलं’ असं वाचलं की माणसाला वाटतं, काम झालं. तसं नसतं. आधी आपण मॉड्यूलचं नाव सेटिंगच्या फाईलीत ‘मॉड्यूल्स एनेबल्ड’ या यादीत लिहितो. मग सर्व्हर सुरू होताना ती यादी वाचतो, त्या नावाची फाईल शोधतो आणि ती मेमरीत घेतो. पहिलं काम माणसाचं, दुसरं सर्व्हरचं. नाव यादीत आहे पण फाईलच सापडली नाही, तर दुसरं काम होतच नाही. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो त्या नोंदींच्या फाईलीत, एक ओळ उमटते आणि बाकीचा सर्व्हर सुरळीत चालू राहतो, त्यामुळे लॉग न बघणाऱ्याला काही कळतही नाही.

म्हणून पहिल्यासाठी ‘यादीत घालणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘उचलणे’ घ्या. ‘सर्व्हरने बदल उचलला नाही’ असं आपण बोलतोच. कर्ता कोण हे वाक्यातच ठरून जातं: तुम्ही घालता, सर्व्हर उचलतो. ‘चढवणे’ मुद्दाम टाळा. फोटो अपलोड करण्याला लोक ‘चढवणे’ म्हणतात, आणि फाईल-शेअरिंगचं मॉड्यूल आलं की तोच शब्द तिथे लागणार.

रीलोडचंही तसंच. प्रॉसडीला रीलोडची आज्ञा दिली की तो सेटिंगची फाईल पुन्हा वाचतो आणि लॉगच्या फाईली नव्याने उघडतो. यादीत नवं घातलेलं मॉड्यूल तेवढ्याने उचलत नाही, यादीतून काढलेलं सोडतही नाही. त्यासाठी सर्व्हर बंद करून चालू करायचा, नाहीतर प्रॉसडीच्या शेलमधून, म्हणजे चालू सर्व्हरला आज्ञा देतात तिथून, ते एक मॉड्यूल उचलायला किंवा सोडायला सांगायचं. ‘पुनर्भारण’ असा शब्द केला तर हा सगळा फरक त्यात बुडेल. सरळ ‘फाईल पुन्हा वाचायला लावणे’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

उत्तर – यंत्रमागावर काम केलेले एक काका

ताई, ऑफिसातल्या पोरांना मॉड्यूल म्हणजे काय हे जॅकार्डवरून सांगा. साध्या मागावर कापड निघतंच. चादरीत मोर किंवा वेल हवी असली तर मागाच्या वर जॅकार्ड बसवावं लागतं. आणि नुसतं जॅकार्ड बसवून नक्षी उतरत नाही, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्याला द्यावी लागते. मॉड्यूल यादीत घालणं म्हणजे जॅकार्ड बसवणं, त्याचे पर्याय लिहिणं म्हणजे पुठ्ठे देणं. पुठ्ठे बदलले की नक्षी बदलते, जॅकार्ड तेच राहतं. सोलापुरात याहून जास्त सांगावं लागणार नाही.

शब्दाचं म्हणाल तर ‘जोडणी’ नको. वीजजोडणी, नळजोडणी म्हणजे कनेक्शन, आणि तुमच्या सर्व्हरवर कनेक्शनचा विषय निघणारच. ‘पुरवणी’ कसा वाटतो? परीक्षेत उत्तरपत्रिकेला पुरवणी लावतात, पेपरसोबत रविवारची पुरवणी येते. मूळ आधीच असतं, वर लागेल तेवढी पुरवणी.

उत्तर – सर्व्हर सांभाळणारा

काका, पुरवणी मनापासून आवडला, पण सगळ्या मॉड्यूलांना तो बसत नाही. संपर्कयादी, लॉगिन, कूटबद्ध जोडणी ही कामंसुद्धा प्रॉसडीत मॉड्यूलंच करतात. त्यांना पुरवणी म्हटलं तर कुणीतरी ‘पुरवणीच तर आहे’ म्हणून ती यादीतून काढून टाकेल आणि कुणालाच लॉगिन करता येणार नाही. तेव्हा प्रॉसडीसोबत येतात ती ‘सोबतची मॉड्यूलं’ आणि स्वयंसेवकांच्या वेगळ्या भांडारातून आणावी लागतात ती ‘पुरवणी मॉड्यूलं’. हा भेद टिपणात असलाच पाहिजे, कारण पुरवणी मॉड्यूल नुसतं यादीत घालून उपयोग नाही, आधी ते सर्व्हरवर आणून ठेवावं लागतं. ०.१२ आवृत्तीपासून त्यासाठी प्रॉसडीचीच इन्स्टॉलची आज्ञा आहे.

आणखी एक. मॉड्यूलच्या फाईलीच्या नावाच्या सुरुवातीला ‘मॉड’ आणि अधोरेघ असते. यादीत नाव घालताना ती वगळायची. हे ठळक अक्षरांत लिहा.

उत्तर – भाषा शिकवणाऱ्या एक बाई

कॉन्फिगरसाठी ‘विन्यास’ सोलापुरात तरी वापरू नये असं मला कळकळीने वाटतं. संस्कृत शब्द घेतला की शेजारच्या भाषांनाही आपोआप कळेल असं आपण धरून चालतो. पण कन्नडमध्ये विन्यास म्हणजे डिझाइन, आणि तेलुगूत ‘विन्यासालु’ म्हणजे कसरती, विमानांच्या हवेतल्या करामती. टॉवेलच्या कारखान्यात ‘विन्यास बदला’ असं लिहिलंत तर कन्नड घरातला माणूस नक्षी बदलायला निघेल, आणि त्यात त्याचं काहीच चुकलेलं नसेल.

मराठीत या कामासाठी ‘लावणे’ हे क्रियापद आहे. घड्याळ लावतो, गजर लावतो, तंबोरा लावतो. वस्तू आधीच हातात आहे, ती आपल्याला हवी तशी नेमकी करायची, एवढाच त्याचा अर्थ, आणि कॉन्फिगरचाही तोच. ‘फोटोच्या आकाराची मर्यादा लावा’, ‘निरोप किती दिवस ठेवायचे ते लावा’. नाम लागेल तिथे ‘सेटिंग’ राहू द्या. ते आता मराठीच आहे, आणि स्त्रीलिंगीही झालं आहे: ती सेटिंग, त्या सेटिंगा. मॉड्यूल मात्र नपुंसकलिंगी: ते मॉड्यूल, ती मॉड्यूलं. ‘मॉड्यूल्स’ लिहिलं की पुढे ‘मॉड्यूल्सना, मॉड्यूल्सचे’ असं अडखळायला होतं. ‘मॉड्यूलांना, मॉड्यूलांचे’ सरळ चालतं.

विचारणा (पुढे)

‘लावणे’ आणि ‘उचलणे’ दोन्ही घेते, बाई. सर, कम्पोनंटला ‘घटक’ म्हणू ना? की मॉड्यूललाच घटक म्हणायचं?

उत्तर – सर्व्हर सांभाळणारा

मॉड्यूलला घटक मुळीच म्हणू नका. प्रॉसडीत कम्पोनंट ही निराळी गोष्ट आहे: मुख्य पत्त्याच्या शेजारी स्वतःचा वेगळा पत्ता घेऊन उभी असलेली सेवा. तुमच्या गप्पांच्या खोल्या अशाच एका कम्पोनंटवर असतात. त्याला ‘घटक’ म्हणण्यापेक्षा मी ‘जोडसेवा’ म्हणेन, कारण घटक म्हटलं की तो कशाच्या तरी पोटात आहे असं वाटतं, आणि इथे तर ती बाहेर, स्वतःच्या पत्त्यावर आहे.

हा भेद शब्दांपुरता नाही. फाईलीच्या वरच्या भागातली यादी खालच्या सगळ्या होस्टना, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य पत्त्यांना, लागू होते. एखाद्या होस्टखाली वेगळी यादी लिहिली तर ती वरच्या यादीत मिळवली जाते. नको असलेलं मॉड्यूल त्या होस्टपुरतं ‘मॉड्यूल्स डिसेबल्ड’मध्ये लिहायचं. पण जोडसेवेला वरची यादी, मोजके अपवाद सोडले तर, लागू होत नाही. खोल्यांमधले जुने निरोप साठवणारं ‘एमयूसी मॅम’ हे मॉड्यूल वरच्या यादीत घातलंत तर खोल्यांपर्यंत ते पोचणारच नाही. ते जोडसेवेच्या ओळीखाली, तिच्या स्वतःच्या यादीत घालावं लागतं. दोघांना ‘घटक’ म्हटलंत तर ‘हा घटक त्या घटकाखाली घाला’ असं वाक्य लिहावं लागेल. ते कोणाला समजणार?

उत्तर – इजॅबर्ड वापरणारा एक वाचक

आमच्याकडे इजॅबर्ड आहे, एक्सएमपीपीचाच दुसरा सर्व्हर, अर्लांग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला. तिथे खोल्यासुद्धा मॉड्यूलच आहेत, आणि मॉड्यूलाचे पर्याय त्याच्याच नावाखाली आत सरकवून लिहितात. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा चुकल्या की फाईल वाचली जात नाही. ‘यादीत घालणे’, ‘लावणे’ आमच्याकडेही जसेच्या तसे चालतील. ‘जोडसेवा’ प्रॉसडीपुरता ठेवा.

विचारणा (पुढे)

जुने निरोप साठतात त्या अर्काइव्हला ‘दप्तर’ म्हणावं असं काकांनी फोनवर सुचवलं.

उत्तर – भाषा शिकवणाऱ्या बाई

शब्द अस्सल आहे, पेशव्यांच्या दप्तरापासूनचा. पण आजच्या मुलाला दप्तर म्हणजे पाठीवरची पिशवी. ‘जुन्या निरोपांचा साठा’ म्हणा.

उत्तर – सर्व्हर सांभाळणारा

आणि साठा म्हटलंत की मुदतही लिहा. काहीच लावलं नाही तर प्रॉसडी जुने निरोप एक आठवडाच ठेवतो. ऑर्डरीची बोलणी महिनाभर चालतात, तेव्हा तो पर्याय लावायलाच हवा. खोल्यांच्या साठ्याची मुदत वेगळी लावावी लागते, हेही.

विचारणा (शेवट)

सगळ्यांचे आभार. टिपणातला हा परिच्छेद असा केला आहे:

‘खोल्यांमधले जुने निरोप साठवायचे असतील तर एमयूसी मॅम हे मॉड्यूल खोल्यांच्या जोडसेवेखालच्या यादीत घाला. वरच्या यादीत घालू नका. निरोप किती दिवस ठेवायचे ती मुदत त्याच जोडसेवेखाली लावा; न लावल्यास साठा आठवडाभरच राहतो. फाईल जतन करून प्रॉसडीच्या तपासणीच्या आज्ञेने ती तपासा. सर्व्हर बंद करून चालू करा. फाईल नुसती पुन्हा वाचायला लावली तर नवं मॉड्यूल उचललं जात नाही. शेवटी लॉग बघा आणि सर्व्हरने मॉड्यूल उचलल्याची खात्री करा.’

अवतरणं, स्वल्पविराम आणि कंस यांवरचा भाग उद्या लिहिते. त्यासाठी शब्द आपल्याकडे आहेतच.