शब्दचर्चा : ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ घरात कसं सांगायचं?

खानापूरकर : शेजारी कन्नड नोटीस आली. मुलगा सोळाचा, मोबाईलचोरीचं प्रकरण. त्याची आई म्हणाली, “काय लिवलंय, सांगा की ओ.” सुरुवातीलाच ‘कानूनिनोंदिगे संघर्षक्कोळगाद मगु’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं अठराच्या आतलं मूल. छापील मराठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ वाचून दाखवलं, तर म्हणे, “कसला आजार म्हणायचा ह्यो?” पुढं ‘बाल न्याय मंडळी’, म्हणजे अशा मुलांच्या प्रकरणांचा निर्णय करणारं मंडळ. त्यावर, “किती मंडळी येणार हाईत?” आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. शेवटी ‘बालगुन्हेगार’ म्हणून मोकळा झालो. चुकलं का?

निपाणीकर : चुकलंच. चौकशी व्हायची आहे आणि तुम्ही निकाल देऊन बसलात! 1986 च्या बाल न्याय कायद्यात तसा शब्द होता, 2000 च्या कायद्यानं तो काढला. 2007 च्या नमुना नियमांत तर अटक, आरोपी, खटला, रिमांड हे शब्दच मुलांसाठी वर्ज्य केले. आणि आपण सगळे अजून ‘रिमांड होम’च म्हणतो.
बाकी ‘ग्रस्त’ वाईट नाही. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्याच पंगतीतला. कन्नड ‘ओळगाद’मध्ये ‘ओळगे’, म्हणजे आत, आहेच. ‘कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं पोर’ म्हणा, आईला लगेच कळेल.

शहापूरकर : कळेल, पण ‘कचाटा’ म्हटलं की कायदाच खलनायक. ज्याचा मोबाईल गेला तोही त्याच गल्लीतला असेल.
माझा राग ‘सुधारगृह’वर जास्त आहे. चौकशी चालू असताना ठेवतात ते निरीक्षणगृह. मंडळाच्या आदेशानंतर, फार तर तीन वर्षं, ते विशेष गृह. पहिल्याला सुधारगृह म्हणणं म्हणजे पोर बिघडलंय हे आधीच ठरवणं. आमच्या आजोबांच्या तोंडी अजून तिसराच शब्द, बोर्स्टल, म्हणजे गुन्हा केलेल्या तरुण पोरांना ठेवायची शाळा. 1956 पर्यंत आपला बेळगाव भाग मुंबई राज्यात, 1929 चा मुंबईचा बोर्स्टल कायदा इथंही लागू, आणि ते होतं धारवाडला. खोड्या केल्या की ‘बोर्स्टलात घालीन’ हा दम ठरलेला.

निपाणीकर : कचाटा मागे घेतो. पण 2015 च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला पुढं नोकरीबिकरीत त्या प्रकरणाची अपात्रता चिकटत नाही. सोळा पुऱ्या झालेल्याचा फार गंभीर गुन्हा असेल आणि मोठ्यांसारखा खटला चालून तो दोषी ठरला, तरच अपवाद. दप्तरातला कागदही ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. गल्लीनं ठेवलेलं नाव कोण नष्ट करणार?

खानापूरकर : परत जाऊन सांगितलं : “पोरावर केस हाय, अजून काय ठरलं न्हाई. मंडळी म्हणजे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यातली एक तरी बाई असती.” बाई असणार म्हटल्यावर जरा निवांत झाली.
एक राहिलंच. शेवटच्या ओळीत ‘परिवीक्षणाधिकारी’ आहेत, ते घरची चौकशी करायला मंगळवारी येणार. आपला ‘परिवीक्षा अधिकारी’ तेवढाच जड. सध्या तिच्यापुरतं ‘प्रोबेशनवाले साहेब’ केलंय. बरा शब्द कुणाकडं असला तर सोमवारपर्यंत कळवा.